शाळेतील मत्स्यपेटी आणि शेवाळाचा उपद्रव

अनेक शाळांच्या विज्ञान कक्षात पाणवनस्पती आणि गप्पी मासे असलेली काचेची मत्स्यपेटी मोठ्या हौसेने मांडली जाते. पहिले दोन आठवडे पाणी निवळशंख असते. पुढे काचेवर तपकिरी थर चढतो, वनस्पतींच्या पानांवर हिरवे धागे लोंबू लागतात, आणि महिन्याभरात आतील मासेही दिसेनासे होतात. मग कोणी तरी सगळे पाणी ओतून पेटी घासून काढतो. आठ-पंधरा दिवसांत शेवाळ पुन्हा हजर होते व मासे मात्र दगावलेले असतात.

बोलीभाषेत पाण्यातील कोणत्याही हिरव्या वाढीला सरसकट शेवाळ म्हणण्याची रीत आहे. प्रत्यक्षात हायड्रिला किंवा व्हॅलिसनेरिया या मुळे, खोड व पाने असलेल्या वनस्पती होत आणि मत्स्यपेटीत त्या हव्याच असतात. शेवाळ ही त्याहून साधी सजीवसृष्टी. नव्या पेटीतील तपकिरी थर बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालाचा असतो; तो पुसून काढावा, काही आठवड्यांत तो आपोआप ओसरतो. उग्र वासाचा, निळसर हिरवा, बुळबुळीत पापुद्रा दिसतो तो तर शैवालही नव्हे, तो जीवाणूंचा एक प्रकार आहे.

शेवाळाला प्रकाश आणि नायट्रेट व फॉस्फेट ही पोषक द्रव्ये लागतात. ही द्रव्ये येतात माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून. शाळेत प्रत्येक वर्गाची मुले येता-जाता चिमूटभर खाद्य टाकतात, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य, दिवसातून एकदा, एकाच जबाबदार विद्यार्थ्याने द्यावे. पेटी खिडकीतील उन्हापासून दूर ठेवावी व दिवा रोज सहा ते आठ तासच लावावा. भरभर वाढणाऱ्या वनस्पती प्रारंभापासूनच दाट लावाव्यात, म्हणजे पोषक द्रव्ये त्याच शोषून घेतात आणि शेवाळाच्या वाट्याला थोडीच उरतात.

सगळे पाणी एकदम बदलणे हा उपाय अपायकारक का ठरतो? माशांच्या विष्ठेतून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. वाळूवर व गाळणीच्या स्पंजात वाढणारे उपयुक्त जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही व्यवस्था बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पेटी धुऊन-पुसून लख्ख केली की ती क्षणात मोडते. म्हणून आठवड्यातून एकदा सुमारे चौथा हिस्सा पाणी काढावे आणि दिवसभर उघड्या भांड्यात ठेवून क्लोरीन उडून गेलेले नळाचे पाणी भरावे. स्पंज नळाखाली न धरता पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

विहिरीतील शेवाळासाठी मोरचूद वापरल्याचे ऐकून काही जण तो पेटीतही टाकतात. ६० लिटरच्या पेटीत त्याची मात्रा साधणे अवघड आहे. तांब्याचा अंश गोगलगायींना व कोळंबीला मारक ठरतो आणि मात्रा थोडी चुकली तर माशांनाही. शिवाय एकदम मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते. वनस्पती रात्री प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात. त्यामुळे मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना आढळतात. पाणी हिरवे झाल्यास पेटी तीन-चार दिवस जाड कापडाने झाकावी, हवेचा पंप चालू ठेवावा व नंतर पाणी अंशतः बदलावे. धागे काडीला गुंडाळून काढता येतात, मुले हे काम आनंदाने करतात.

खतांचा व सांडपाण्याचा निचरा होणारे गावतळे हिरवे पडते तेही याच कारणाने, फक्त तेथे खाद्याची चिमूट मोठी असते. पेटीतून काढलेले पाणी शाळेच्या बागेला घालावे. जादा वनस्पती मात्र ओढ्यात किंवा तळ्यात न टाकता उन्हात वाळवून खतखड्ड्यात टाकाव्यात. गप्पी मासेही परस्पर तळ्यात सोडू नयेत.