चावी हातात घेण्याआधी

लग्न जमवताना मुलाचा पगार किती, हे आपण बिनदिक्कत विचारतो. हातात किती पडतो, कर्जाचे हप्ते किती, इथपर्यंत चौकशा होतात. पण तोच मुलगा बढतीच्या वेळी साहेबांच्या केबिनमध्ये उभा राहतो तेव्हा त्याच्या तोंडून पैशाचा शब्द निघत नाही. साहेब म्हणतात, ‘तुमच्यावर विश्वास आहे म्हणून हे काम तुमच्याकडे देतोय.’ हा म्हणतो, ‘थँक्यू सर.’ घरी पेढे येतात. पगार किती वाढला, असं आईने विचारलं की उत्तर मिळतं, ‘ते बघतील एप्रिलमध्ये.’

या संकोचाला आपण संस्कार म्हणतो. मला त्यात सवयीचा भाग जास्त दिसतो. बँकेत, एलआयसीत, सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या माझ्या पिढीला पगार कधी मागावाच लागला नाही. तो आमच्या वतीने दुसरं कुणीतरी मागत असे. बँकांमधला पहिला द्विपक्षीय करार १९ ऑक्टोबर १९६६ रोजी झाला. तेव्हापासून एका बाजूला बँकांच्या व्यवस्थापनांची संघटना आणि दुसऱ्या बाजूला युनियनचे पुढारी असे बसून पगार ठरवत आले आहेत. बारावा करार ८ मार्च २०२४ ला झाला आणि १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाला. म्हणजे सोळा महिन्यांचा फरक! घासाघीस वरती चाले. आम्ही काउंटरवर नोटा मोजता मोजता, एरिअर्समध्ये फ्रिज बसतो की स्कूटर, याचे हिशेब करत असू. एकट्याने तोंड उघडण्याची आमच्या घरांना सवयच लागली नाही, आणि आता नेमकं तेच आमच्या मुलांना करावं लागतं आहे.

मात्र त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला आजही शहाणपणाची वाटते. शाखेतल्या तिजोरीला दोन चाव्या लागत. एक अधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. त्या चावीपोटी हेड कॅशियरला स्पेशल अलाउन्स मिळे. तो रजेवर गेला की चावी ज्याच्याकडे येई त्याला तेवढ्या दिवसांचा भत्ता. कारकुनाने अधिकाऱ्याच्या खुर्चीत चार दिवस काम केलं तर त्या चार दिवसांचे वेगळे पैसे. बाहेरच्यांना यात कोतेपणा दिसे. ‘काय हे, चार दिवसांचा भत्ता मोजत बसता!’ पण रोकड कमी भरली तर ती कॅशियरच्याच खिशातून जात असे, हे त्यांना कोण सांगणार? जबाबदारीची किंमत चावी हातात पडण्याआधीच ठरलेली असे आणि ती कागदावर असे.

सरकारी नोकरीतही ही सोय आहे. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगानंतर बढती मिळालेल्याला आधी जुन्या स्तरात एक वेतनवाढ देतात आणि मग नव्या स्तरातल्या तेवढ्याच किंवा त्याहून वरच्या आकड्यावर बसवतात. पगार बढतीच्या तारखेपासून निश्चित करायचा की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, हा पर्यायही असतो. तारखेची निवड चुकली तर नुकसान होतं, म्हणून जुने हेडक्लार्क पेन्सिलीने दोन्ही आकडे मांडून पाहात.

खासगी कंपनीत असा हेडक्लार्क नसतो. तिथे सीटीसी नावाचा एक गोल आकडा असतो. कंपनी तुमच्यावर वर्षाला एकूण जेवढा खर्च करते तो हा आकडा, आणि तुमच्या हातात पडतं ते त्यापेक्षा कमी. २०२२ मध्ये आमच्या सोसायटीतली एक मुलगी, हिंजवडीला नोकरी करणारी, असाच एक कागद घेऊन आली. ‘काका, टीम लीड केलंय. नऊ लाखांचे साडेदहा लाख झालेत. पण बाबा म्हणाले, एकदा तुम्हाला दाखव.’

कागद तिच्या लक्षात आला होता त्यापेक्षा बराच हुशार होता. साडेदहा लाखांत एक लाख ‘व्हेरिएबल’, म्हणजे कंपनीची आणि साहेबांची मर्जी राहिली तर. पूर्वी ते नव्हतं. वीस हजार ग्रॅच्युइटीची तरतूद, जी साधारणपणे पाच वर्षं नोकरी झाल्याशिवाय मिळत नाही. बारा हजार आरोग्यविम्याचा हप्ता, जो आधी कंपनी वेगळा भरत होती. पीएफ दोन्हीकडे धरलेला, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. वजाबाकी केली. खात्रीचे उरले नऊ लाख अठरा हजार. वाढ महिन्याला दीड हजार रुपये, तीही कर कापण्याआधी.

त्या दीड हजारात आठ माणसांची जबाबदारी होती आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाईकाशी रात्री अकराला बोलणं होतं. स्वतःचं जुनं काम होतंच. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मागितलं तर लोभी वाटेन का?’

मी शाखेत असताना शेकड्यांनी कर्जाचे अर्ज पाहिले. एक माणूस समोर बसून घरच्या अडचणी सांगे: मुलीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन. वाईट वाटे, पण त्याने कर्ज मंजूर होत नसे. दुसरा माणूस अठ्ठावीस हजारांची मोटार, नऊ हजारांचा पाइप, इतक्या एकर ऊस, असं लिहून आणी. त्याला नाही म्हणायचं तर मला कारण शोधावं लागे. गोल आकडा मागणाऱ्याला आम्ही हटकून विचारत असू, ‘कशावरून?’ तिला मी एवढंच सुचवलं की गृहकर्जाचा हप्ता मध्ये आणू नकोस. तुझ्या आधी हे काम कोण करत होतं, किती माणसं सांभाळत होतं, तुझं जुनं काम कोणाकडे जाणार, एवढंच घेऊन जा. आणि खात्रीच्या रकमेबद्दल बोल, सीटीसीबद्दल नको.

तिने खात्रीचे दहा लाख वीस हजार मागितले. साहेब म्हणाले बजेट नाही. तीन आठवडे ताणाताणी झाली. त्या काळात तिची आई मला जिन्यात भेटली की नजर चुकवत असे. माझ्यामुळे पोरीची नोकरी जाते की काय, अशी भीती. शेवटी नऊ लाख चौऱ्याऐंशी हजारांवर ठरलं, महिन्याला सात हजारांची वाढ, आणि जुन्या कामातलं निम्मं दुसऱ्याकडे गेलं. ते निम्मं काम जाणं मला पैशापेक्षा मोलाचं वाटतं.

आपल्या भाषेत ‘मानधन’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात मान आधी येतो आणि धन बहुतेक वेळा वाटेतच राहतं. आम्हा लेखकांना शाल-श्रीफळाबरोबर तेच मिळतं. त्याचं विशेष नाही. पण अंगणवाडी सेविकांच्या हातावर ठेवतात त्यालाही मानधनच म्हणतात. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागलं.

‘प्रभारी’ हा त्याच घरातला दुसरा शब्द. एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत माझ्या ओळखीच्या बाई हिशेबनीस होत्या. मॅनेजर निवृत्त झाले आणि संचालकांनी चार्ज यांच्याकडे दिला. ‘तात्पुरता सांभाळा.’ तो तात्पुरता काळ तीन वर्षं चालला. कर्जवसुली, ऑडिट, ठेवीदारांची बोलणी, सगळं मॅनेजरचं, पगार हिशेबनिसाचा. गावात ही पतसंस्था सोडली तर दुसरी नोकरी नव्हती, त्यामुळे सोडून जाईन म्हणण्याचीही सोय नाही. त्यांनी दोन वर्षांचे वसुलीचे आकडे एका कागदावर मांडून अर्ज दिला. अध्यक्ष प्रेमळपणे म्हणाले, ‘ताई, तुमच्या मिस्टरांचा पगार आहे की.’

बाईंनी शांतपणे उत्तर दिलं, ‘आधीच्या मॅनेजरसाहेबांच्या मिसेसही शाळेत होत्या, सर.’

पुढच्या सभेत विषय घेतला गेला. मागितलं त्याच्या निम्मं मिळालं, पण ठरावात तारीख पडली आणि ‘प्रभारी’ हा शब्द गेला. मागच्या तीन वर्षांचं काही मिळालं नाही. उरलेल्या निम्म्यासाठी त्यांनी मार्चचा ताळेबंद झाल्यावर पुन्हा अर्ज दिला आहे.