एमआरआयच्या अहवालातील कणा

मराठीचा आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ ज्या रिद्धपुरात आकाराला आले आणि जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे, तिथल्या रुग्णाच्याही हाती मणक्यांचा अहवाल इंग्रजीतच पडतो. म्हणून त्यातील संज्ञा मराठीतून उलगडणे अगत्याचे ठरते.

कण्यात साधारणतः ३३ मणके असतात: मानेचे ७ (सी), पाठीचे १२ (डी किंवा टी), कमरेचे ५ (एल), एकसंध होऊन त्रिकास्थी बनलेले ५ (एस) आणि माकडहाडाचे ४. त्यामुळे ‘एल ४–एल ५’ म्हणजे कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील जागा होय.

‘स्लिप डिस्क’ या विकारात दोन मणक्यांमधील गादी जागची निसटत नाही, तर तिचे चिवट कडे कमकुवत होऊन किंवा फाटून आतील मऊ गर बाहेर येतो. त्याने नस दाबली गेल्यास नितंबापासून पायात उतरणारी जी कळ येते, तिला सायटिका आणि आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात.

ग्रीक भाषेत ‘स्पॉन्डिलोस’ म्हणजे मणका. त्यावरून स्पॉन्डिलोसिस म्हणजे मणक्यांची झीज, स्पॉन्डिलायटिस म्हणजे दाह, तर स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणजे एक मणका दुसऱ्यावरून सरकणे.

लघवी-शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे, ही लक्षणे दिसताच तातडीने रुग्णालय गाठावे.

अहवालातील न उमगलेली संज्ञा वाचकांनी खाली अवश्य विचारावी.