खेळाचा हिशेब (भाग ६) : गोलरक्षकाला किती वर्षं द्यावीत?

मे २०१० मध्ये मॉन्ट्रियल शहराने यारोस्लाव्ह हलाकला डोक्यावर घेतलं होतं. कनेडियन्स हा तिथला बर्फावरच्या हॉकीचा संघ प्लेऑफमध्ये जेमतेम शिरला होता आणि पहिल्याच फेरीत गाठ पडली वॉशिंग्टनशी. त्या हंगामात १२१ गुण मिळवून साऱ्या लीगमध्ये पहिला आलेला हा संघ. सात सामन्यांच्या मालिकेत मॉन्ट्रियल १-३ असं मागे पडलं आणि मग हलाक गोलसमोर ठाण मांडून उभा राहिला. सहाव्या सामन्यात त्याच्यावर ५४ फटके आले, त्याने ५३ अडवले. सातवा सामनाही मॉन्ट्रियलने घेतला. पुढच्या फेरीत आदल्या वर्षीचा विजेता पिट्सबर्ग गारद झाला. मॉन्ट्रियलची घोडदौड थांबली ती उपांत्य फेरीत, फिलाडेल्फियासमोर.

त्यानंतर महिनाही उलटला नव्हता. १७ जूनला व्यवस्थापनाने हलाकला सेंट लुईसला देऊन टाकलं. बदल्यात आले लार्स एलर आणि इयन शुल्ट्झ, दोघेही अजून नाव न झालेले. आणि ठेवला कोण? कॅरी प्राइस, ज्याची जागा हलाकने त्याच हंगामात हिसकावून घेतली होती.

शहर खवळलं. सप्टेंबरमध्ये हंगामापूर्वीच्या सराव सामन्यात प्राइसने सोपे गोल सोडले तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. जरा धीर धरा, असं त्याला चाहत्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. तेव्हा तो २३ वर्षांचा होता.

मागच्या दोन भागांत आपण उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमधली पगारमर्यादा आणि खेळाडूंची अदलाबदल, म्हणजे ट्रेड, यांचे नियम पाहिले. आज त्या नियमांचा सगळ्यांत अवघड पेपर घेऊ. त्या लीगच्या चाहत्यांमध्ये ज्यावरून सर्वाधिक रणं माजतात तो माणूस म्हणजे गोलरक्षक, आणि या वादासाठी मॉन्ट्रियलइतकं योग्य दुसरं गाव नाही.

खडकीच्या मैदानांवर किंवा चर्चगेटजवळच्या स्टेडियममध्ये हॉकी पाहिलेल्या वाचकाला गोलरक्षकाचं महत्त्व सांगायला नको. पण बर्फावर ते कितीतरी पटींनी वाढतं. गोल अवघा सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. कडक रबराची चकती, म्हणजे पक, ताशी दीडशे किलोमीटरच्या वर वेगाने येते, आणि समोर धक्काबुक्की करणारे खेळाडू असल्यामुळे ती बरेचदा दिसतच नाही. लीगचा सरासरी गोलरक्षक शंभर फटक्यांतले ९१-९२ अडवतो. २०१४-१५ मध्ये लीगची सरासरी ०.९१५ होती आणि प्राइसची ०.९३३. दशांशचिन्हानंतरचा हा फरक किरकोळ वाटेल. पण हंगामभरात दोन हजार फटके धरा : ०.०१८ चा फरक म्हणजे ३६ गोल. दर दोन सामन्यांमागे एक गोल कमी खाणं! एकट्या आक्रमकाला एवढा फरक पाडणं फार कठीण. त्या वर्षी प्राइसने ४४ सामने जिंकून दिले आणि जाक प्लांत व केन ड्रायडन यांचा ४२ विजयांचा संघविक्रम मागे टाकला. सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक त्याचाच होता, आणि लीगच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडकही.

म्हणजे २०१० साली व्यवस्थापनाचं बरोबर होतं. मग चाहते मूर्ख होते का? मला तसं अजिबात वाटत नाही. त्यांच्या रागामागे पंधरा वर्षांपूर्वीची एक जखम होती.

२ डिसेंबर १९९५ रोजी डेट्रॉइटने मॉन्ट्रियलला त्यांच्याच घरात ११-१ असं धुतलं. गोलमध्ये होता पॅट्रिक रुआ. १९८६ आणि १९९३ असे लीगच्या विजेतेपदाचे दोन स्टॅनले करंडक त्याच्याच जिवावर आले होते. १९९३ च्या प्लेऑफमध्ये तर जादा वेळेत गेलेले दहा सामने संघाने लागोपाठ जिंकले होते. त्या रात्री प्रशिक्षक मारिओ त्राम्ब्ले यांनी त्याला नऊ गोल होईपर्यंत बाहेर काढलंच नाही. साधासा फटका अडवल्यावर प्रेक्षकांनी खवचट टाळ्या वाजवल्या, त्याने दोन्ही हात वर करून त्या स्वीकारल्या. अखेर बाहेर आला तो थेट बाकांमागे बसलेल्या संघाध्यक्ष रोनाल्ड कोरे यांच्याकडे गेला आणि मॉन्ट्रियलसाठी हा माझा शेवटचा सामना, असं सांगून टाकलं. चार दिवसांत तो कॉलोराडोला गेला. सोबत कर्णधार माइक कीन, आणि बदल्यात तिघेजण, त्यांतला एक तरुण गोलरक्षक. सहा महिन्यांनी कॉलोराडोने स्टॅनले करंडक जिंकला. मॉन्ट्रियलने एकूण २४ वेळा तो जिंकलाय, लीगमध्ये सर्वाधिक. पण चोविसावा होता १९९३ चा. रुआ गेल्यापासून एकही नाही.

प्लेऑफ गाजवणारा गोलरक्षक हातचा घालवला की काय होतं, हे त्या शहराने सोसलेलं आहे. म्हणून २०१० मध्ये हलाकसाठी भांडणारा चाहता भावनेच्या भरात बोलत नव्हता. त्याच्याकडे पुरावा होता, फक्त तो दुसऱ्या माणसाबद्दलचा होता. आणि या गावाची गोलरक्षकांशी जवळीकच वेगळी. व्हेझिना करंडक ज्याच्या नावाने दिला जातो तो जॉर्ज व्हेझिना इथलाच, आजारी अवस्थेत बर्फावर उतरून अर्ध्यातून बाहेर पडलेला आणि १९२६ मध्ये क्षयाने गेलेला. जाक प्लांतने १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये तोंडावर पक बसल्यावर टाके घालून घेतले आणि मुखवटा चढवूनच परत खेळेन असा हट्ट धरला, तोही इथलाच. ड्रायडनने तर कराराच्या रकमेवरून १९७३-७४ चा अख्खा हंगाम सोडून दिला आणि वकिलाच्या कार्यालयात काम केलं. गोलरक्षकाचा पगार हा मॉन्ट्रियलच्या घराघरांतला विषय काही आज झालेला नाही.

आता पैशाकडे येऊ. २००४-०५ चा हंगाम मालक-खेळाडू तंट्यात पूर्ण बुडाला आणि त्यातून पगारमर्यादा आली. २००५-०६ मध्ये ती संघामागे ३.९ कोटी डॉलर होती, २०१८-१९ मध्ये ७.९५ कोटी. आयपीएलच्या लिलावातली थैली आठवा : एकावर उधळलं की बाकीच्यांना हात आखडता घ्यावा लागतो. फरक एवढाच की इथे करार आठ-आठ वर्षांचे असतात आणि मोठा लिलाव करून पाटी पुसता येत नाही.

२ जुलै २०१७ रोजी मॉन्ट्रियलने प्राइसशी आठ वर्षांचा ८.४ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. वर्षाला सरासरी १.०५ कोटी. लागू होणार होता २०१८-१९ पासून, म्हणजे त्याच्या एकतिसाव्या वर्षापासून. पहिल्याच हंगामात तेवीस खेळाडूंच्या संघातला एकटा माणूस मर्यादेतले तेरा टक्के खाणार होता.

करार करणाऱ्यांकडे एक दाखला होता, आणि तो साधा नव्हता. २०१५-१६ मध्ये मॉन्ट्रियलने पहिले नऊच्या नऊ सामने जिंकले. मग प्राइस जखमी झाला, हंगामभरात तो फक्त १२ सामने खेळला आणि तोच संघ प्लेऑफलाही पोचला नाही. तो नसला की काय होतं ते गावाने उघड्या डोळ्यांनी पाहिलं होतं. रेडिओवर फोन करून भांडणाऱ्यांमधला एक पक्ष एवढंच विचारायचा : द्यायचे नाहीत तर मग खेळवायचं कोणाला?

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं मला अधिक पटतं. गोलरक्षकाचं भविष्य कोणालाच सांगता येत नाही, ज्यांचा तोच धंदा आहे त्या निवड करणाऱ्यांनाही नाही. हलाक २००३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, २७१ वा निवडला गेला होता, प्राइस २००५ मध्ये पाचवा. न्यूयॉर्कचा हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा, नॅशव्हिलचा पेक्का रिने २५८ वा. सर्गेई बोब्रोव्हस्कीला तर कोणी निवडलंच नव्हतं. या तिघांनीही पुढे व्हेझिना करंडक जिंकला. (ड्राफ्टवर पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहीन.) सुरुवात जशी सांगता येत नाही तसा उतारही. आक्रमकाचा वेग दरवर्षी थोडा थोडा कमी होतो आणि तो डोळ्यांना दिसतो. गोलरक्षकाचं गुडघ्यांवर, नितंबाच्या सांध्यांवर आणि क्षणार्धाच्या अंदाजावर चालतं. ते निखळलं की एकदम निखळतं. अशा माणसाला मोठी रक्कम द्यायला माझी हरकत नाही, ३६ गोल वाचवणाऱ्याला द्यायलाच हवी. हरकत आहे ती वर्षांना. आठऐवजी चार वर्षं, हवं तर वर्षाला थोडे जास्त देऊन, हा सौदा मी मान्य केला असता. प्राइसने तो घेतला असता का, हा प्रश्न उरतोच, आणि बाहेरच्या संघांनी त्याला सात वर्षं दिली असती हेही खरं.

पुढे घडलं ते दोन्ही पक्षांना पुरून उरणारं. करार लागू होण्याआधीच २०१७-१८ मध्ये त्याची सरासरी ०.९०० वर घसरली. मग ०.९१८, ०.९०९, ०.९०१. त्यातच महामारी आली आणि लीगने पगारमर्यादा २०१९-२० पासून तीन हंगाम ८.१५ कोटींवरच गोठवली. मर्यादा वाढत जाईल आणि प्राइसचा वाटा आपोआप लहान होईल, हा मोठ्या करारांमागचा हिशेबच त्याने मोडला.

आणि मग २०२१. प्लेऑफमध्ये आलेल्या सोळा संघांत सर्वांत कमी गुण मॉन्ट्रियलचे होते. टोरोंटोविरुद्ध पुन्हा १-३ अशी पिछाडी, पुन्हा सरशी. विनिपेगला चारही सामन्यांत हरवलं, व्हेगासला सहा सामन्यांत. १९९३ नंतर प्रथमच संघ अंतिम फेरीत पोचला, आणि प्राइस त्या बावीस सामन्यांत ०.९२४ ने खेळला. कोरोनाच्या निर्बंधांमुळे आत साडेतीन हजारच माणसं, बाकीचं शहर रस्त्यावर. टॅम्पाने पाच सामन्यांत हरवलं खरं, पण त्या जूनमध्ये करार महाग पडला म्हणणारा माणूस शोधून सापडला नसता.

त्याच जुलैमध्ये सिअ‍ॅटल हा नवा संघ इतर संघांतून एकेक खेळाडू उचलणार होता. प्राइसच्या करारात त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता येणार नाही असं कलम होतं. दुसरा गोलरक्षक जेक अ‍ॅलनला वाचवता यावं म्हणून प्राइसने आपणहून ते बाजूला ठेवलं. जगातला सर्वांत महागडा गोलरक्षक फुकट उपलब्ध होता आणि सिअ‍ॅटलने त्याला हात लावला नाही. बाजाराने दिलेला तो निकाल फार कठोर होता. त्याच महिन्यात त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो फक्त पाच सामने खेळला, शेवटचा २९ एप्रिल २०२२ ला. वय ३४, करारातली चार वर्षं अजून बाकी.

अशा वेळी नियम संघाला थोडा आधार देतात. खेळाडूला दीर्घकालीन जखमींच्या यादीत टाकलं की त्याच्या पगाराइतकं मर्यादेबाहेर जाता येतं. पण ही सवलत सुटसुटीत नाही, हंगामाच्या आरंभी आकडे जुळवताना फार काटकसर करावी लागते, आणि मोकळी जागा साठवून ठेवता येत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये प्राइसचा करार सॅन होजेकडे गेला. त्या वर्षीचा मोठा बोनस मॉन्ट्रियलने आधीच देऊन टाकला होता. वर ड्राफ्टमधली पाचव्या फेरीची एक निवडही द्यावी लागली. खेळाडू घरी आणि त्याचा करार दुसऱ्या गावी : पगारमर्यादेच्या जगात हे रीतसर चालतं.

यावरून गोलरक्षकावर खर्चच करू नये, असा निष्कर्ष काढणारे आहेत. त्यांच्यासमोर २०२३ ची अंतिम फेरी ठेवावी. एका बाजूला व्हेगासचा एडिन हिल, प्लेऑफ सुरू झाला तेव्हा राखीव, पगार बेताचा. दुसऱ्या बाजूला फ्लोरिडाचा बोब्रोव्हस्की, २०१९ मध्ये सात वर्षांसाठी सात कोटी डॉलर घेऊन आलेला आणि चार वर्षं त्या आकड्यावरून शिव्या खाल्लेला. जिंकला हिल. स्वस्तवाल्यांनी माना डोलावल्या. पण पुढच्या दोन्ही वर्षी, २०२४ आणि २०२५ मध्ये, करंडक उचलला तो बोब्रोव्हस्कीच्या संघाने.

मॉन्ट्रियलने सध्या तरी बाजू निवडली आहे. निक सुझुकी, कोल कॉफील्ड, युराय स्लाफकोव्हस्की, लेन हटसन, नोआ डॉबसन : आठ-आठ वर्षांचे करार बर्फावर धावणाऱ्यांना. २०२५-२६ च्या आरंभी सॅम्युएल मॉन्तॉम्बो आणि याकुब डोबेश या दोघा गोलरक्षकांचा एकत्रित पगार प्राइसच्या निम्म्याहूनही कमी होता. मॉन्तॉम्बोला फ्लोरिडाने सोडलं तेव्हा मॉन्ट्रियलने बदल्यात काहीही न देता उचललं होतं. डोबेश पाचव्या फेरीतला. आणि मागून येतोय २०२३ चा निवडलेला जेकब फाउलर, ज्याच्याकडे चाहते आत्ताच डोळे लावून बसलेत. तो खरंच मोठा निघाला तर जुना वाद नव्याने पेटेल, फक्त एक फरक असेल. सप्टेंबर २०२६ पासून लागू होणाऱ्या नव्या सामूहिक करारानुसार संघाला आपल्याच खेळाडूशीही जास्तीत जास्त सात वर्षांचाच करार करता येणार आहे. आठवं वर्ष मागायची सोयच राहणार नाही.