जुन्या पिकअप गाडीची उंची वाढविण्यापूर्वीं

जळकोट तालुक्याची जमीन एकजिनसी नाहीं. बालाघाटाच्या डोंगररांगांतील हा प्रदेश असल्यामुळें माथ्यावर मुरमाड माळ, उतारावर दगडगोटे आणि खोलगट भागांत काळी चिकण जमीन, असा तिहेरी प्रकार एकाच गांवच्या शिवारांत आढळतो. सोयाबीनचीं व तुरीचीं पोतीं उदगीर किंवा लातूरच्या बाजारांत न्यावयाचीं म्हणजे प्रथम शेतापासून डांबरी सडकेपर्यंतची वाट काढावी लागते. आणि या वाटेच्या चाकोऱ्या पावसाळ्यानंतर वीतभर, कोठें कोठें फूटभर खोल झालेल्या असतात. अशा वेळीं जुन्या पिकअप गाडीचें पोट दोन चाकोऱ्यांमधील उंचवट्यास घासतें, व मालकाच्या मनांत सहज येतें कीं, गाडी चार बोटें उंच करून घ्यावी. हौशी लोकांच्या उंच केलेल्या जीपगाड्या पाहून ही इच्छा अधिकच बळावते. परंतु हौसेची रिकामी गाडी व मालाची भरलेली गाडी यांत फार अंतर आहे. तें अंतर काय, आणि उंचीचा उपयोग कोठें होतो व कोठें होत नाहीं, याचा विचार पैसे खर्च करण्यापूर्वीं झालेला बरा.

या गाड्यांचें कूळ जीपचें आहे. महिंद्रा कंपनीनें १९४९ सालीं मुंबईस माझगांव येथें विलिज जीपची जुळणी सुरू केली. पुढें एक व मागें एक असे दोन आडवे अखंड आस आणि त्यांवर चार कमानी, ही त्या जीपची रचना होती. तीच पुढें अनेक पिकअप गाड्यांत उतरली. कांहीं गाड्यांत पुढील दोन चाकें स्वतंत्रपणें हलतात व तेथें कमान नसते. त्यांची गोष्ट निराळी. हा लेख चार कमानींच्या जुन्या गाड्यांपुरता आहे.

कमानीचें काम

कमान म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची जुडी. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांस गोल डोळे वळविलेले असतात. एक डोळा गाडीच्या सांगाड्यास, म्हणजे चेसिसला, पिनेनें जखडलेला असतो, आणि दुसरा शॅकल नांवाच्या लोंबत्या कडीस अडकविलेला असतो. ओझ्यानें कमान दबली कीं ती लांबते, आणि ती लांबी शॅकल झुलून सामावून घेते. मध्यभागीं यू-बोल्टांनीं कमान आसास आवळलेली असते. म्हणजे गाडीचें व मालाचें वजन कमानीवर, कमान आसावर, आणि आस चाकांवर.

एवढी गोष्ट ध्यानांत घेतली तर पुढील सर्व विषय उलगडतो. कमान उंच केली म्हणजे तिच्यावरील सर्व भाग उंच होतात: चेसिस, गिअरपेटी, डिझेलची टाकी, सायलेन्सर. आस मात्र तसूभरही वर येत नाहीं, कारण तो कमानीवर नसून चाकांवर टेकलेला आहे. आणि बहुतेक गाड्यांत जमिनीपासून सर्वांत खालचा भाग कोणता, तर मागील आसाच्या मध्याजवळ असलेला डिफरन्शियलचा गोळा. तो जर उंचवट्यास घासत असेल, तर कमानी कितीही चढविल्या तरी घासतच राहील.

यास्तव पहिलें काम असें कीं, गाडीचें पोट खालून धुऊन काढावें, नेहमींच्या वाटेनें एक फेरी करावी, आणि मग खालीं शिरून घासल्याच्या ताज्या खुणा कोठें आहेत तें पाहावें. खुणा टाकीवर किंवा गिअरपेटीखालीं असतील तर कमानीचा विचार करण्यास जागा आहे. त्या गोळ्यावर असतील तर कमानीवर केलेला खर्च व्यर्थ होय.

बसलेल्या कमानी

पुष्कळ वेळां गाडी मुळांत ठेंगणी नसते. वर्षानुवर्षें ओझें वाहून तिच्या कमानी बसलेल्या असतात. रिकामी गाडी सपाट जागीं उभी करून चारही ठिकाणीं आसापासून चेसिसपर्यंतची उंची मोजावी. डावी व उजवी यांत बोटभर फरक दिसला, किंवा कमान सरळ पट्टीसारखी झालेली दिसली, तर गाडी उंच करण्याची नव्हे, मूळ उंचीवर आणण्याची गरज आहे. त्याच वेळीं तडा गेलेले पाटे, झिजलेले बुश, सैल यू-बोल्ट व निकामी शॉकअप हेंही तपासावें. नव्या कमानी घातल्यानें गाडी कित्येकदां दोन इंच वर येते, आणि तिच्या रचनेंत कांहींच फेरबदल होत नाहीं.

कांहीं ठिकाणीं जुने पाटे भट्टींत लाल करून त्यांस पुन्हा वळण देतात. कमानीचें पोलाद विशिष्ट तऱ्हेनें तापवून, तेलांत विझवून व पुन्हा बेतानें तापवून पाणी दिलेलें असतें. त्यांतच त्याचा लवचिकपणा असतो. साध्या भट्टींत तें पाणी उतरतें, आणि पाटा थोड्याच दिवसांत पुन्हा बसतो, किंवा नीट न विझविल्यास ठिसूळ होऊन भरल्या गाडीखालीं तुटतो. पाणी देण्याची सोय असलेल्या कारागिराकडूनच हें काम करून घ्यावें. नाहीं तर नवे पाटे घ्यावे.

उंची वाढविण्याच्या रीती

पहिली रीत जादा पाटा घालण्याची. तिच्यानें कमान उंच होते, पण ताठही होते. सारख्या जाडीच्या ५ पाट्यांचे ६ केले तर ताठपणा सुमारें एक पंचमांशानें वाढतो. पाट्याची जाडी वाढविली तर फरक याहून मोठा पडतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणांत बदलतो. ६ मिलिमीटरच्या जागीं ७ मिलिमीटरचा पाटा जवळ जवळ दीडपटीहून अधिक ताठ असतो. ताठ कमानीची गाडी रिकामी असतां उसळते, आणि खळग्यांत चाक खालीं उतरावयाचें तें अधांतरीं राहतें. जमिनीस न टेकलेलें चाक गाडी ओढीत नाहीं.

दुसरी रीत लांब शॅकल लावण्याची. शॅकल २ इंच लांब केली तर आसावर गाडी सुमारें १ इंच वर येते, कारण कमानीचें एकच टोक उचललें जातें. परंतु त्यामुळें आस किंचित् फिरतो. पुढील आसाचा कल असा बदलला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाहीं, आणि वेगांत गाडी इकडे तिकडे भटकते.

तिसरी रीत आस व कमान यांमध्यें पोलादी ठोकळा घालण्याची. ती फक्त मागें करतात; पुढें ठोकळा कधींही घालूं नये, कारण ब्रेक व स्टिअरिंग यांचा पीळ तेथें येतो. मागेंही लाकडी ठोकळा किंवा एकावर एक ठोकळे म्हणजे अपघातास आमंत्रण होय.

चौथी रीत विलिज जीपसारख्या गाड्यांची. तींत कमानी आसाच्या खालून बांधलेल्या असतात. त्या वरून बांधल्या कीं गाडी एकदम सुमारें ५ इंच उंच होते. हौशी मंडळींत ही रीत प्रसिद्ध आहे. पण तींत स्टिअरिंगचे दांडे, शाफ्ट व ब्रेकच्या नळ्या हें सर्व नव्यानें जुळवावें लागतें. माल वाहणाऱ्यानें तिच्या वाटेस जाऊं नये.

एक हललें कीं सर्व हलतें

गिअरपेटीपासून मागील आसापर्यंत जाणारा शाफ्ट गाडी उंच झाल्यावर अधिक तिरपा होतो. त्याच्या दोन टोकांच्या सांध्यांचे कोन सारखे राहिले नाहींत तर गाडी थरथरते व सांधे लवकर झिजतात. शाफ्टचा सरकता सांधाही कमी गुंततो. ब्रेकची रबरी नळी चाक पूर्ण लोंबतें तेव्हां ताणली जाते. म्हणून गाडी जॅकवर घेऊन, चाकें लोंबत ठेवून ती पाहावी. शॉकअपही आंखूड पडतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. कांहीं पिकअप गाड्यांत मागील आस व चेसिस यांमध्यें एका दांडीनें जोडलेली झडप असते. चेसिस खालीं दबली म्हणजे माल भरला असें समजून ती मागील ब्रेकांस अधिक जोर देते. गाडी उंच केली कीं ही झडप भरलेल्या गाडीसही रिकामी समजते, आणि उतारावर मागील ब्रेक ऐन वेळीं कमी पडतात.

कलंडण्याचा हिशेब

समजा, गाडीच्या डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर ४ फूट आहे, आणि माल भरल्यावर गुरुत्वमध्य जमिनीपासून ३ फूट उंचीवर आहे. अशी गाडी सुमारें ३४ अंश कललीं असतां कलंडेल. ती ४ इंच उंच केली तर ही मर्यादा ३१ अंशांवर येते. पोतीं उंच रचून किंवा त्यांवर माणसें बसवून गुरुत्वमध्य पावणेचार फुटांवर गेला तर ती २८ अंश, आणि वर ४ इंचांची वाढ केली तर २६ अंश होते. आतां एका बाजूचीं चाकें फूटभर खोल चाकोरींत उतरलीं तर गाडी तेवढ्यानेंच १४ अंशांहून अधिक कलते. उरले १२ अंश. कमानींचें व टायरांचें दबणें, वळणाचा ओढा आणि पोत्यांचें सरकणें हें सर्व त्या १२ अंशांतच बसवावयाचें असतें.

सुगीच्या दिवसांत मजुरांस पिकअपमध्यें उभें करून शेतावर नेण्याची चाल आहे. मालगाडींत माणसें नेणें कायद्यानें वर्ज्य आहेच. आणि उभ्या माणसांनीं भरलेली उंच गाडी ही सर्वांत लवकर कलंडणारी गाडी होय. या धोक्याची किंमत गाडीचा मालक नव्हे, मागें उभे असलेले लोक देतात.

टायर, कायदा व वाट

आस वर आणावयाचा तर टायर मोठा पाहिजे. टायरचा व्यास २ इंच वाढला तर आस १ इंच वर येतो. पण २८ इंचांचा टायर ३० इंचांचा केला तर चाकाची ओढ सुमारें ७ टक्क्यांनीं घटते, ब्रेकांस तितकेंच अधिक बळ लागतें, आणि मीटर ४० दाखवील तेव्हां गाडी ४३ च्या वेगानें धांवत असेल.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरबदल वाहनांत करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच स्पष्ट केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें, नियमबाह्य प्रत्येक फेरबदलास ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविण्यांत आली. अपघात झाल्यास विमा कंपनीसही हरकत घेण्यास आधार मिळतो. मूळ मापाच्या नव्या कमानी, बुश व शॉकअप घालणें ही केवळ दुरुस्ती होय. तीस हा अडथळा नाहीं.

शेवटीं, काळ्या जमिनींत गाडी रुतते ती बहुधा ठेंगणी म्हणून नव्हे. ओल्या चिकणमातीनें टायरच्या खांचा भरून जातात व चाक घसरत खालीं जातें. उंची त्यावर उपाय नाहीं. माल दोन फेऱ्यांत विभागणें, वाफसा होईपर्यंत थांबणें, आणि चाकोरींत मुरूम भरणें हे उपाय स्वस्त आहेत. मुरूम माथ्याच्या माळावर आहेच. तो रीतसर परवानगीनें खालीं आणावयाचा. पाणंद रस्त्यांसाठीं राज्य शासनानें २०२१ सालीं रोजगार हमीच्या जोडीनें मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली होती. अशा कामांत वाटेवरच्या सर्व शेतकऱ्यांची संमति लागते. ती मिळविण्यास वेळ लागतो, हें खरें; परंतु उंच केलेली गाडी एकट्याची असते, आणि सुधारलेली वाट सर्वांच्या गाड्यांस, बैलांस व पायीं जाणारांस उपयोगी पडते.

तात्पर्य, क्रम असा ठेवावा: प्रथम खुणा पाहाव्या, मग बसलेल्या कमानी मूळ मापावर आणाव्या, माल खालीं व बेताचा भरावा, आणि वाट दुरुस्त करावी. एवढें केल्यावर गाडी उंच करण्याची गरज बहुतेकांस उरणार नाहीं.