जुन्या बुलेटला नवं चाक

पुण्याच्या नाना पेठेतून बुलेटसाठी मागचं अलॉय चाक विकत आणणं सोपं. ते जुन्या गाडीत बसवताना खरी परीक्षा होते ती लेथवरच्या टर्नरची.

१९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया कंपनी सुरू झाली आणि साडेतीनशे सीसीची बुलेट पुढे कित्येक दशकं फारशी न बदलता बनत राहिली. तारांची रिम, ट्यूब, ड्रम ब्रेक आणि ३.२५-१९ मापाचा टायर. अशा रिमला प्रत्येक तारेच्या निपलपाशी भोक असतं, म्हणून आत ट्यूब लागते. आणि मोठा खिळा घुसला की ट्यूब पाहता पाहता बसते. भरवेगात मागचं चाक असं बसलं तर गाडी सावरणं कठीण. अलॉय चाकावर बसणाऱ्या ट्यूबलेस टायरमधली हवा बहुधा हळूहळू उतरते. नव्या चाकाचा मोह या एका कारणासाठीही रास्त आहे.

एकोणीस इंची चाकाच्या जागी अठरा इंची आलं, की गाडी मागून बसेल असं वाटतं. हिशेब वेगळं सांगतो. ३.२५-१९ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६४८ मिलिमीटर, तर त्याच कंपनीच्या आजच्या ‘क्लासिक’ मॉडेलच्या मागच्या १२०/८०-१८ टायरचा ६४९. उंची जवळपास तीच.

अडचण रुंदीची. जुना टायर साधारण ८२ मिलिमीटर रुंद, नवा १२०. म्हणजे दोन्ही बाजूंना एकोणीस-एकोणीस मिलिमीटर जास्त. डावीकडे चेन आहे, वर मडगार्ड आहे. टायर चेनला घासतो म्हणून चाक उजवीकडे सरकवण्याचा उपाय काही ठिकाणी केला जातो. तो घातक आहे. पुढच्या-मागच्या चाकांची मध्यरेषा एकच हवी आणि दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत हवेत, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते आणि चेन-स्प्रॉकेट झिजतात. त्यापेक्षा ११० रुंदीचा टायर बरा. एक्सलची जाडी वेगळी असेल तर बुश, हबची रुंदी वेगळी असेल तर स्पेसर, आणि ते अंदाजानं नव्हे, मोजून कातलेले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या वस्तीत असं काम करून देणारे हात आहेत.

नव्या चाकाबरोबर डिस्क ब्रेक येतो. ब्रेक दाबला की डिस्कला पकडणारा कॅलिपर चाकाबरोबर फिरू पाहतो. त्याला धरून ठेवणारा आधार स्विंगआर्मला पक्का जोडलेला नसेल, तर बाकी सगळी मेहनत वाया. जुन्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायाखाली आणि डिस्क उजवीकडे, पण तेलाची नळी वळवून नेता येते, त्यामुळे हा पेच सुटतो. मात्र ब्रेक मारताना वजन पुढे जातं, म्हणून गाडी थांबवण्यात मोठा वाटा पुढच्या ब्रेकचा. खिशात पैसे मोजके असतील, तर ते आधी पुढच्या ब्रेकवर खर्च करावेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते बजावलं. तेव्हा आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारावं. कॅलिपरचा आधार वेल्डिंगऐवजी नट-बोल्टनं बसवावा आणि जुनं चाक ड्रमसकट जपून ठेवावं, म्हणजे हवं तेव्हा गाडी मूळ रूपात आणता येते.