टेनिस, वाढतं वय आणि मुलींचं शरीर

जुलै 2022 मध्ये विम्बल्डनच्या हिरवळीवर चौदा वर्षांखालच्या मुलामुलींची स्पर्धा पहिल्यांदाच भरली. त्या स्पर्धेत कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव खेळली. कुस्ती, फुटबॉल आणि नेमबाजीसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या गावाला तेव्हा टेनिसचीही ओळख मिळाली. अशी बातमी आली की अनेक घरांत दोन प्रश्न हमखास निघतात. आपल्या मुलीला कितव्या वर्षी खेळायला घालायचं? आणि रोज किती तास खेळवायचं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यात मात्र भल्याभल्यांची गफलत होते.

हाडांची पुंजी

टेनिसपटू एकाच हाताने रॅकेट चालवतो. त्यामुळे खेळाचा हाडांवर काय परिणाम होतो, हे पाहायला त्याचाच दुसरा हात तुलनेसाठी मिळतो. फिनलंडमधल्या संशोधकांनी टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या महिलांच्या दोन्ही हातांची हाडं मोजली आणि 1995 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॅकेटच्या हाताची हाडं जास्त भरीव होती. पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळायला लागलेल्या महिलांमध्ये हा फायदा उशिरा सुरुवात करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होता.

म्हणजे मुलीला आठव्या-नवव्या वर्षी मैदानावर पाठवण्यात धोका नाही, उलट लाभच आहे. या वयात हाडांत साठलेली पुंजी पुढे चाळिशी-पन्नाशीनंतर, हाडं झिजू लागतात तेव्हा कामी येते. मुलगी पुढे स्पर्धा खेळो वा न खेळो, ही कमाई तिचीच.

पण वाढत्या हाडाची दुसरी बाजूही आहे. हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पट्टी असते आणि तिथूनच हाड लांबीला वाढतं. साधारण अकरा ते तेरा या वयात मुलींची उंची झपाट्याने वाढते, तेव्हा ही पट्टी नाजूक असते. हाड पुढे जातं आणि स्नायू मागे राहतात, म्हणून सांध्यांभोवती ताण येतो. टाच, गुडघा, कोपर किंवा खांदा दुखू लागतो. सर्व्हिस करताना पाठ मागे वाकते आणि त्याच वेळी पिळली जाते. हे दिवसातून शेकडो वेळा झालं, तर कमरेच्या मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. म्हणून खेळणाऱ्या मुलीची कंबर दोन-तीन आठवडे सतत दुखत असेल, तर मलम चोळत बसू नये. हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं.

सर्व्हिसची ताकद कुठून येते?

पाहणाऱ्याला वाटतं की सर्व्हिस हाताने होते. प्रत्यक्षात तिच्यातली निम्म्याहून अधिक ताकद पाय आणि धडातून येते. गुडघे वाकतात, पाय जमिनीला रेटतात, कंबर वळते, मग खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. या साखळीतली एक कडी जरी ढिली पडली, तरी तिचं काम पुढच्या कडीवर येतं. पाय कमजोर असलेली मुलगी तेवढाच वेग खांद्यातून काढू पाहते आणि वर्ष-दोन वर्षांत खांदा धरून बसते.

बेलारूसच्या अरिना सबालेंकाचं उदाहरण इथे पाहण्यासारखं आहे. 2022 च्या सुरुवातीला तिची सर्व्हिस पार बिघडली होती. ॲडलेडच्या एका सामन्यात तिने वीसहून अधिक डबल फॉल्ट केले. ती दडपणाखाली घाबरते, असं म्हणून विषय मिटवता आला असता. पण त्याच वर्षी तिने शरीराच्या हालचालींचा अभ्यास असलेल्या तज्ज्ञाची मदत घेतली आणि सर्व्हिसची हालचाल नव्याने बसवली. जानेवारी 2023 मध्ये तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि त्याच वर्षी जागतिक क्रमवारीत पहिलं स्थान गाठलं. आपल्या मुलीचा खेळ अचानक बिघडला, तर ‘लक्ष नाही हिचं’ म्हणण्याआधी तिची उंची अलीकडे किती वाढली, हे एकदा मोजून पाहावं. हातपाय लांबले की जुनी हालचाल काही महिने चुकतेच.

वयाएवढे तास

आता दुसरा प्रश्न. अमेरिकेत हजाराहून अधिक मुलांच्या पाहणीतून एक साधा आडाखा पुढे आला आहे. आठवड्यातल्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त झाले, की अतिताणाच्या गंभीर दुखापती वाढतात. बारा वर्षांच्या मुलीला आठवड्याला बारा तास, ही झाली मर्यादा. शिवाय आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून दोन-तीन महिने त्या एका खेळापासून विश्रांती, असा तिथल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. त्या काळात तिने पोहावं, लंगडी खेळावी, दोरीवरच्या उड्या माराव्यात.

व्यावसायिक टेनिसनेही हा धडा ठेच लागूनच घेतला. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती 1990 मध्ये, चौदावं वर्ष पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक खेळाडू झाली आणि काही वर्षांतच थकून खेळापासून दूर गेली. पुढे ती परतली आणि जिंकलीही, पण तिच्यासारख्या मुलींची उदाहरणं पाहून महिला टेनिस संघटनेने 1995 पासून अठरा वर्षांखालच्या मुलींनी वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या यावर वयानुसार मर्यादा घातली. दहा वर्षांनी आढावा घेतला, तेव्हा बाविशीपर्यंतच खेळ सोडून देणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 7 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आत आलं होतं. कमी खेळवल्याने मुली मागे पडल्या नाहीत, त्यांची कारकीर्द लांबली.

खुराक कोणाचा?

कोल्हापुरात तालमीला जाणाऱ्या पोराच्या खुराकाची चौकशी सगळी गल्ली करते. खेळणाऱ्या मुलीच्या डब्याकडे मात्र तितकं लक्ष जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे. पाळी सुरू झाली की दर महिन्याला लोह जातं, त्यात घाम आणि मेहनत. मुलगी लवकर दमते, तिसऱ्या सेटपर्यंत पोचत नाही, आणि आपण तिला आळशी ठरवतो. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची तपासणी करून घ्यावी. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. रोजच्या ताटात पोकळा, मेथी, मोडाची मटकी, अंडी किंवा मटण असावं. वर लिंबू पिळावं आणि जेवणासोबत चहा टाळावा.

याहून नाजूक गोष्ट पाळीची. मेहनत जास्त आणि खाणं कमी पडलं, तर शरीर काटकसर करतं आणि पाळी थांबवतं. ‘बरं झालं, स्पर्धेत अडचण नाही’ असं अनेकींना वाटतं. पण पाळी थांबली की हाडांना मिळणारं संरक्षणही घटतं. ज्या वयात पुंजी साठायची, त्याच वयात ती खर्च होऊ लागते. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही किंवा सलग तीन महिने चुकली, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवं. यासाठी प्रशिक्षकापाशी हा विषय बोलण्याची मोकळीक मुलीला असली पाहिजे. ते जमत नसेल, तर आईने पुढे व्हावं.

घाई कशासाठी?

बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेने 2014 च्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासोबत कांस्यपदक मिळवलं आणि 2016 मध्ये ती रिओ ऑलिंपिक खेळली. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले मधली काही वर्षं अमेरिकेतल्या विद्यापीठात शिकली आणि तिथल्या संघाकडून खेळली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण तिच्या गळ्यात पडलं, तेव्हा ती 27 वर्षांची होती. बेलारूसचीच व्हिक्टोरिया अझारेन्का डिसेंबर 2016 मध्ये आई झाली आणि 2020 मध्ये अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात उतरली.

चौदाव्या वर्षीचा करंडक मोलाचा खराच. पण त्यापुढेही दहा-पंधरा वर्षं खेळायचं, तर खांदा, कंबर आणि रक्त शाबूत हवं. घरी एक वही ठेवा. दर महिन्याला उंची, आठवड्याचे तास, झोप, पाळीची तारीख आणि काही दुखत असेल तर ते तिच्याच हाताने लिहायला सांगा. दुखापत अचानक झाली असं आपल्याला वाटतं, पण त्या वहीत तिची चाहूल बहुधा आधीच लागलेली असते.