सेवायोजन कार्यालयात काय मिळतं?

एके काळी दहावीचा निकाल लागला की घरात पहिला प्रश्न असे, ‘एम्प्लॉयमेंटमध्ये नाव घातलंस का?’ मग रांग, नोंदणी क्रमांकाचं कार्ड, त्याचं नूतनीकरण आणि ‘कॉल’ची वाट पाहणं. अनेकांचं कार्ड पिवळं पडलं, कॉल काही आला नाही.

ही कार्यालयं मुळात 1945 मध्ये सुरू झाली, ती महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामधंद्याला लावण्यासाठी. पुढे ती सर्वांना खुली झाली. 1959 च्या कायद्याने 25 किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा कळवणं बंधनकारक केलं. कळवणं, बरं का! कार्यालयाने पाठवलेला उमेदवार घेतलाच पाहिजे, अशी सक्ती कायद्यात नव्हती. नाव घातलं म्हणजे नोकरी लागली, हा गैरसमज इथूनच उघडा पडतो.

आज महाराष्ट्रात या कार्यालयाचं नाव लांबलचक आहे: जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. नोंदणी ‘महास्वयं’ या संकेतस्थळावर होते. कारखानदारही तिथेच जागा टाकतो: फिटर हवेत की वेल्डर, किती हवेत, शिक्षण काय हवं. रोजगार मेळाव्यात तर दोघांची गाठ थेट टेबलावर पडते. माझ्या मते खरा उपयोग मेळाव्याचाच. मुलाखत तिथल्या तिथे होते.

जाताना बायोडेटाच्या चार-पाच प्रती आणि आधार कार्ड जवळ ठेवा. नोंदणीला पैसे पडत नाहीत. कुणी मागितले तर देऊ नका.